टिकलेली वास्तू, टिकलेलं गाव : वसईच्या चर्चकडे पाहताना



आजचा विषय वास्तुकलेच्या इतिहासाचा आहे आणि बोलणारा माणूस आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला आहे. तुळई किती भार पेलते याचं गणित मी सांगणार नाही. ते इंजिनियर मंडळींनी सांगावं. पण अनेकदा दुरुस्त झालेल्या, वाढवलेल्या, पाडून बांधलेल्या इमारतीकडे बोट दाखवून आपण म्हणतो, ‘हे चारशे वर्षांचं चर्च’. त्या ‘हे’ शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला आहे. तो नुसत्या शब्दांनी सुटत नाही. त्यासाठी दगड, चुना, लाकूड आणि कौलं यांच्याकडे बघावं लागतं. म्हणून आज आपण वसईला जाऊ.

पुण्याच्या माणसाला वसई म्हटलं की चिमाजीअप्पा आठवतात, १७३९ आठवतं आणि किल्ला आठवतो. आपल्या सहली किल्ला बघतात आणि परत फिरतात. पण किल्ल्याच्या बाहेर पापडी, रमेदी, सांडोर, माणिकपूर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावं वाड्यांतून आणि बागायतींतून पसरलेली आहेत. या गावांत चर्च आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच चर्चची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. माणसं घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलतात, प्रार्थना मराठीत करतात. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच पट्ट्यातले. तेव्हा आपण कुठल्या परक्या मुलखाविषयी बोलत नाही आहोत, हे आधी लक्षात घ्या.

आता एक साधं निरीक्षण. किल्ल्यात चर्चच्या जुन्या भिंती उभ्या आहेत, पण त्यांना रोज आपलं म्हणणारी वस्ती भोवती नाही. गावांत वस्ती आहे, रोजची प्रार्थना आहे, पण जुन्या भिंती फार थोड्या ठिकाणी जशाच्या तशा आहेत. वास्तू टिकली तिथून माणसं गेली, आणि माणसं टिकली तिथे वास्तू बदलली. या दोहोंपैकी जुनं चर्च कोणतं? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

वसईत चर्च आलं कसं

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षं, वसई त्यांच्या ताब्यात होती. गोव्याखालोखाल महत्त्वाचं असं हे त्यांचं उत्तरेकडचं ठाणं होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे वेगवेगळे धर्मसंघ आले. त्यांनी किल्ल्यात मठ आणि चर्च बांधले, आणि बाहेरची गावं वाटून घेऊन तिथेही चर्च उभारले.

गावांवर याचा ठसा किती खोल उमटला ते नावातच दिसतं. रमेदी हे नाव पोर्तुगीज ‘रेमेदिओस’वरून आलं. आजार बरे करणारी, संकटात उपाय करणारी मरियामाता, तिचं ते चर्च. चर्चने गावाला नाव दिलं. आणि निर्मळला जा, तिथे शंकराचार्यांचं मंदिर आहे, कार्तिकात मोठी जत्रा भरते, आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चही आहे. वसईचा भूगोल असा थरांचा आहे.

हे सगळं शांततेत घडलं असं मी म्हणणार नाही. पोर्तुगीज अंमलात या भागातली देवळं पाडली गेली, हा नोंदलेला इतिहास आहे. त्याबद्दल शेवटी बोलणार आहे. आत्ता इमारतीकडे वळू.

देऊळ आणि चर्च : दोन वेगळ्या गरजा

वास्तू वाचायची असेल तर पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की इथे माणसं काय करतात?

आपल्या देवळात मुख्य जागा गाभाऱ्याची. तो लहान असतो, अंधारा असतो. तिथे देव राहतो. भक्त एकेकटा येतो, घंटा वाजवतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो, निघतो. सभामंडप असतो, कीर्तन होतं, हे खरं. पण सभामंडप नसला तरी देऊळ देऊळच राहतं. रस्त्याच्या कडेचं चार फुटांचं मारुतीचं देऊळ पूर्ण देऊळ असतं.

चर्चचं उलट आहे. तिथे ठरलेल्या वेळी सगळं गाव एका छपराखाली बसतं, एकाच दिशेला तोंड करतं, एकाच माणसाचं बोलणं ऐकतं. म्हणजे चर्च ही मुळात जमावाची वास्तू आहे. तिला लांब दालन हवं, वेदी सगळ्यांना दिसायला हवी, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. आणि दालनाच्या मध्ये खांब जितके कमी तितकं बरं.

इथे बांधणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. दोन भिंतींमधलं अंतर वाढलं की छप्पर कशावर टेकवायचं? दोनच मार्ग होते. एक, दगडाची लांबलचक कमान करून भुयारासारखं छत घालायचं. दोन, लाकडाच्या कैच्या करून त्यांवर कौलं चढवायची.

दगडी कमानछत टिकाऊ असतं, जळत नाही, पण ते फक्त खाली भार टाकत नाही. बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतं. दालन जितकं रुंद तितका हा रेटा जास्त, आणि भिंत तितकी जाड हवी. लाकडी कैची हा रेटा स्वतःतच बांधून ठेवते, कारण तिची खालची आडवी तुळई दोन्ही टोकं घट्ट धरते. भिंतीवर येतो तो सरळ खालचा भार. पण लाकूड पावसाने कुजतं, वाळवी खाते, आग लागली की संपतं. शिवाय सागाचा सोट जेवढा लांब मिळेल तेवढीच रुंदी मिळते.

या अडचणीतून जो तोडगा निघाला तोच या भागातल्या जुन्या चर्चचा नमुना झाला. वेदीची जागा लहान असते, तिथे दगडी कमानछत घालायचं. लोक बसतात ते दालन मोठं असतं, तिथे लाकडी छप्पर. पवित्र जागेला पक्कं छत मिळालं आणि जमावाला रुंदी मिळाली. वसईला लाकडाची ददात नव्हती. पोर्तुगीज काळात इथे जहाजं बांधली जात. ज्या सुतारांना जहाजाचा सांगाडा जोडता येतो, त्यांना छपराचा सांगाडा अवघड नाही.

पडलेली भिंत काय शिकवते

आता किल्ल्यात चला. किल्ल्यातले चर्च म्हणजे शरीरशास्त्राच्या वर्गातला सांगाडा. गावातल्या चर्चमध्ये गिलावा आणि रंग यांच्याखाली जे झाकलेलं आहे, ते इथे उघडं दिसतं.

बहुतेक ठिकाणी दालनाचं छप्पर गेलं आहे आणि आभाळ दिसतं. पण वेदीच्या जागेवरची कमान बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. आत्ता मी जो तोडगा सांगितला त्याचा हा पुरावा. लाकूड गेलं, दगड राहिला. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चमध्ये बाजूच्या मोठमोठ्या कमानी बघा आणि पायाखाली बघा. जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड आहेत. चर्चची जमीन ही त्या काळी दफनभूमीसुद्धा होती. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत बघा. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना युरोपीय पद्धतीचे नक्षीदार खांब आणि वर त्यांच्या संघाचं चिन्ह. ही भिंत मागच्या इमारतीपेक्षा जास्त थाटाची आहे, आणि ते मुद्दाम आहे. दर्शनी भिंत ही दुरून येणाऱ्याशी बोलते. आत साधेपणा चालतो, चेहरा मात्र भारदस्त हवा.

सर्वात महत्त्वाचं उदाहरण संत जोसेफ चर्चचं. हे वसईचं मुख्य चर्च होतं, १५४६ च्या सुमाराला सुरू झालेलं. समोरच उंच घंटामनोरा आहे आणि प्रवेशद्वारावर एक पोर्तुगीज शिलालेख आहे. त्यावर साल आहे १६०१. त्यात त्या वेळचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांचं नाव आहे, स्थानिक धर्मगुरूंचं नाव आहे, आणि पुढे जे क्रियापद आहे ते नीट ऐका. ‘हे चर्च बांधलं’ असं तिथे म्हटलेलं नाही. ‘या चर्चचं नूतनीकरण झालं’ असं म्हटलं आहे.

म्हणजे बघा, आपण किल्ल्यात जातो ते ‘मूळ’ चर्च बघायला. आणि ते मूळ चर्च दारातच आपल्याला सांगतं की मी दुरुस्त केलेलं आहे. मूळ शोधत मागे गेलो की हातात एक दुरुस्ती लागते. हा अनुभव फक्त वसईचा नाही; आपल्या पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या देवळाचा आहे.

चुन्याचा अंगरखा

या वास्तूंचा दगड आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचा काळा दगड, बेसॉल्ट. वसईचा दगड इतका नावाजलेला होता की तो समुद्रमार्गे गोव्याला जात असे. जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च, जिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे आणि ज्याचा अभिषेक १६०५ साली झाला, त्याच्या भिंती गोव्याच्या लाल जांभ्या दगडाच्या आहेत. पण दर्शनी भागातली कोरीव पट्ट्यांची आणि खांबांची कामं वसईकडच्या दगडात आहेत. कारण सोपं आहे. जांभा सच्छिद्र, भरड. त्यात बारीक नक्षी धरत नाही. काळा दगड कठीण, पण त्यावर कोरलेली रेघ शतकानुशतकं राहते.

याच बॉम जीझसने आपल्याला एक धडाही दिला आहे. जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अंमल असतानाच, तो गिलावा काढून टाकण्यात आला. उघडा दगड जास्त जुना, जास्त अस्सल दिसतो, अशी त्या काळातल्या जीर्णोद्धार करणाऱ्यांची समजूत होती. आज प्रवाशांना ती लाल वास्तू फार आवडते, फोटो छान येतात. पण गिलावा हा दागिना नव्हता, तो पावसाळ्यातला अंगरखा होता. तो काढल्यापासून प्रत्येक पावसाचं पाणी थेट दगडात मुरतं आहे आणि दगड झिजतो आहे. अस्सलपणाच्या हौसेने अस्सल वस्तूच धोक्यात आली.

कोकणपट्टीवर चुना शिंपल्यांपासून भाजून करत. या चुन्याचा गुण असा की भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. तो झिजतो, पण स्वतः झिजून दगड वाचवतो, आणि म्हणून काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. आता याच्या उलट चूकही होते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा पक्का थर देतात. वरून भिंत गुळगुळीत, मजबूत दिसते. पण आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोटातून सुटू लागते. तेव्हा गिलावा काढणं आणि चुकीचा गिलावा चढवणं, दोन्ही सारखंच घातक.

जाता जाता भाषेतली एक गंमत सांगतो. आपल्याकडे गवंडी चुना कालवून ज्यातून नेतो ते घमेलं, दाराला लावतो ती बिजागरी, कुलपाला लागते ती चावी, हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आहेत. पुण्यातला कुठलाही वाडा बांधताना ते वापरले जातात आणि कोणाला ते परके वाटत नाहीत.

१७३९ आणि त्यानंतर

१७३९ च्या मे महिन्यात, काही महिन्यांच्या वेढ्यानंतर, वसई मराठ्यांच्या हाती आली. शरणागतीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीजांना आपली चल मालमत्ता आणि पूजेच्या मूर्ती घेऊन जाण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेसाठी तीन चर्च चालू राहतील असं ठरलं. एक वसई शहरात, एक वसईच्या मुलखात, एक साष्टीत. युद्धात काही गावांतले चर्च उद्ध्वस्त झाले. युरोपीय धर्मगुरू गेले. पण गावकरी गेले नाहीत. शेती त्यांची होती, विहिरी त्यांच्या होत्या, आणि आता प्रार्थनाही त्यांचीच झालेली होती.

आणि घंटा? त्या आपल्याकडे आल्या. नाशिकला गोदाकाठची नारोशंकराची घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा, आपल्या पुणे जिल्ह्यात भीमाशंकरची घंटा, या वसईच्या स्वारीतून आलेल्या मानल्या जातात. विजयाची खूण म्हणून आपण त्या बघतो. मी त्यांच्याकडे आणखी एका दृष्टीने बघायला सांगतो. चर्चमधली घंटा मनोऱ्यावर उंच टांगलेली असते. तिचं काम दूरच्या सगळ्या गावाला बोलावणं. देवळातली घंटा हाताच्या टप्प्यात असते. तिचं काम एका भक्ताने देवाला ‘मी आलो’ असं कळवणं. घंटा तीच, धातू तोच, नादही तोच. जागा बदलली, उपयोग बदलला, आणि अडीचशेहून जास्त वर्षं ती देवळाची घंटा म्हणून वाजली. आता ती चर्चची घंटा की देवळाची? पदार्थ सगळा कायम राहूनही ओळख बदलू शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतिहासाचं आणखी एक वळण पुण्यातच आहे. वसई घेतल्यानंतर ५३ वर्षांनी, १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, पेशव्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात चर्चला जमीन देण्यात आली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. तिथली आजची इमारत पुढे एकोणिसाव्या शतकात बांधलेली आहे. म्हणजे पुण्यातल्या या चर्चचं वय आपण १७९२ पासून मोजतो, पण भिंती मात्र नंतरच्या. तरीही ‘हे पेशव्यांच्या काळातलं चर्च’ असं आपण सहज म्हणतो. का म्हणतो?

कौल, लोखंड, काँक्रीट

वसईच्या गावांत पुढे काय झालं ते आता थोडक्यात पाहू. बदल तीन दिशांनी आले.

पहिला बदल छपरात झाला. पूर्वी कुंभाराची हाताने केलेली नळीची कौलं असत. ती दरवर्षी चाळावी लागत, म्हणजे फुटलेली काढून पुन्हा रचावी लागत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावरच्या कौलांचा कारखाना काढला. ही कौलं सपाट, एकमेकांत अडकणारी, हलकी. पश्चिम किनाऱ्यावर घरं, शाळा, देवळं, चर्च सगळ्यांवर ती चढली. आज आपण ‘जुनं कौलारू कोकण’ म्हणून ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंचसं या कारखानदारीचं देणं आहे.

दुसरा बदल काँक्रीटने आणला. सळया घातलेल्या काँक्रीटने रुंदीची ती जुनी अडचणच मिटवली. सागाच्या सोटाची लांबी आता आड येत नव्हती. लोकसंख्या वाढत होती, रविवारी माणसं दाराबाहेर उभी राहत होती. रुंद, बिनखांबी दालन शक्य झालं, म्हणून जुनं पाडून नवं बांधणं किंवा जुन्याला नवं जोडणं सुरू झालं. पण खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. चुन्याच्या जाड भिंतीने जितका काळ काढला, तितका काळ काँक्रीट काढेल याची खात्री देता येत नाही.

तिसरा बदल विचारातून आला, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई. वेदी मागच्या भिंतीला टेकलेली असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून प्रार्थना करत. परिषदेनंतर लोकभाषा आली, आणि वेदी पुढे सरकून धर्मगुरू लोकांसमोर उभे राहिले. एका निर्णयाने जगभरच्या लाखो इमारतींचा आतला नकाशा बदलला. लांबट बोगद्यासारखं दालन वेदीकडे बघण्यासाठी ठीक होतं. एकमेकांसोबत प्रार्थना करायची तर माणसं वेदीभोवती जवळ बसायला हवीत. नवे चर्च रुंद आणि पसरट होण्याचं हे एक मोठं कारण आहे. वसईच्या गावात लॅटिनच्या जागी मराठी आली, तेव्हा भिंतींनाही त्याचा अर्थ लावावा लागला.

रथ कुठे आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतात की, महाराज, तुम्ही रथातून आलात. तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे भाग सोडून रथ वेगळा आहे का? तेही नाही. ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाची गोष्ट आहे. एकेक फळी बदलत सगळं जहाज बदललं, तर ते तेच जहाज का?

वसईला हा प्रश्न लावून बघा. छप्पर बदललं, जमीन बदलली, वेदी फिरली, भाषा बदलली, भिंत वाढली. नंदाखालचं किंवा निर्मळचं चर्च तेच राहिलं का? गावकऱ्याला विचाराल तर तो हसेल. त्याच्या आज्याचा बाप्तिस्मा इथे झाला, बापाचं लग्न इथे लागलं, सण त्याच तारखेला येतो, दफनभूमी तिथेच आहे. त्याच्या लेखी चर्च एक मिनिटही बंद पडलेलं नाही.

आपल्या परंपरेत याला शब्दही आहे, जीर्णोद्धार. जीर्ण झालेल्याचा उद्धार, म्हणजे नवं बांधणं सुद्धा त्याच देवळाचं पुढचं आयुष्य. काशीविश्वेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, पण कोणी ते १७८० चं दैवत म्हणत नाही. जपानमध्ये इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधतात आणि तरी ते अतिप्राचीन समजलं जातं. युरोपात मात्र मूळ दगडाला मान. १९६४ च्या व्हेनिस सनदेत मूळ सामग्री आणि अस्सल दस्तऐवज यांचा आदर हा संवर्धनाचा पाया मानला गेला. पुढे १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मान्य केलं की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीत एकच असेल असं नाही. वापर, परंपरा, कारागिरी, जागेचा भाव यांतही अस्सलपणा असू शकतो.

मग निकाल गावकऱ्याच्या बाजूने लागला का? माझ्या मते अर्धाच. इथे ती घंटा आठवा. वापर हेच ओळखीचं एकमेव माप धरलं, तर भीमाशंकरची घंटा फक्त देवळाची ठरते आणि तिच्यात साठलेली वसई पुसून जाते. वस्तूला वापराशिवायही एक साक्ष असते. ती साक्ष दगडात, लाकडाच्या जोडात, चुन्याच्या थरात असते. गावकऱ्याच्या आठवणीत ती असेलच असं नाही. सुताराने कैची कशी जोडली हे कोणाच्या प्रार्थनेत नोंदलेलं नसतं. ते त्या कैचीतच असतं. ती जळणाला गेली की ते ज्ञानही गेलं.

म्हणून मी दोन ओळखी वेगळ्या करतो. संस्था म्हणून चर्च जगतं ते बदलून. पुरावा म्हणून इमारत जगते ती न बदलता. किल्ल्यातल्या चर्चला फक्त दुसरी ओळख उरली आहे. गावातल्या चर्चला दोन्ही आहेत, आणि म्हणूनच तिथला पेच खरा आहे.

मग करायचं काय?

गावाने संग्रहालयात राहावं असं सांगण्याचा अधिकार पुण्याहून गेलेल्या कोणाला नाही. गळक्या छपराखाली, दाटीवाटीने बसून त्यांनी आपल्यासाठी इतिहास जपावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण बदलणं वेगळं आणि पुसणं वेगळं. बदलण्याचा हक्क राहणाऱ्यांचा आहे. पुसण्याचा हक्क कोणाचाच नाही, कारण पुढे जन्मणाऱ्यांना विचारलेलं नसतं.

प्रत्यक्षात हे फार खर्चाचं नाही. पाडण्याआधी मोजमाप करून नकाशा काढावा. प्रत्येक भिंतीचे, छपराच्या आतल्या जोडांचे फोटो घ्यावेत. कोरीव दगड, थडग्यांचे लेख, जुनी वेदी, एखादी संपूर्ण कैची आवारातच ठेवावी. बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनांची जुनी दप्तरं उतरवून घ्यावीत. जुना गवंडी, जुना सुतार हयात असेल तर त्याच्याकडून कामाची पद्धत लिहून घ्यावी. वेदीवरचं जुनं दगडी कमानछत शक्य असेल तर नव्या इमारतीत सामावून घ्यावं. ते बहुधा सर्वात भक्कम असतं. आणि जिथे चुना आहे तिथे चुनाच द्यावा.

हेच सगळं आपल्या पेठांतल्या देवळांना आणि वाड्यांना लागू आहे, हे वेगळं सांगायला नको.

श्रोत्यांचा एक प्रश्न

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे. ‘पोर्तुगीजांनी देवळं पाडून जे बांधलं, ते जपायचं तरी कशाला?’

प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणार नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वरला शैव लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी त्या लेण्यातच चर्च केलं आणि वर मठ बांधला. मराठ्यांच्या विजयानंतर तिथे पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. आज खाली महादेव आहे, वर मठाचे अवशेष आहेत, आणि लेण्यातल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो. समजा उद्या तो क्रूस कोणी खरवडून टाकला. त्याने लेणं शुद्ध होईल का? माझ्या मते त्या लेण्यावर काय गुदरलं याचा पुरावाच नाहीसा होईल. अन्याय झाला असं म्हणणाऱ्यालाच पुराव्याची जास्त गरज असते.

आणि दुसरी गोष्ट. गावातलं चर्च पोर्तुगीजांनी सुरू केलं, पण पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. त्यानंतरच्या भिंती इथल्या गवंड्यांनी बांधल्या, इथल्या शेतकऱ्यांनी पैसे घातले, इथल्या बायकांनी वेदीवर फुलं वाहिली. पोर्तुगीज जितका काळ वसईत होते, त्याहून जास्त काळ ते चर्च त्यांच्याशिवाय चालू आहे. तेव्हा ते कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर मला लिस्बनमध्ये सापडत नाही, वसईत सापडतं.

पुढच्या वेळी वसईला गेलात तर किल्ला जरूर बघा. पण परतताना एखाद्या गावात थांबा, चर्चच्या आवारात परवानगी घेऊन जा, आणि भिंतीची जाडी, छपराची कैची आणि वेदीवरची कमान, या तीन गोष्टी बघा. काय जुनं, काय नवं, आणि काय दोन्ही, हे तुमचं तुम्हालाच वाचता येईल.

इथे थांबतो.